ढवळीचं तेल

आमच्या घरात तेलावरून दोन पक्ष होते. खाण्याच्या तेलावरून नव्हे. जवसाचं की शेंगदाण्याचं, हा वाद आईनं लग्न होऊन आल्या वर्षीच निकालात काढला होता. हे तेल मोटारीच्या गिअरचं. ते बदलायचं की तसंच राहू द्यायचं, एवढाच काय तो प्रश्न, पण तो सकाळच्या चहापासून रात्रीच्या ताटापर्यंत चाले, आणि पाहुणे आले की त्यांनाही कोणत्या तरी एका बाजूला बसावं लागे. बदलणाऱ्यांचा पुढारी वामनमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो तुमसरकडे मँगनीजच्या खाणीत मशिनांवर फोरमन होता आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध असे, जुनं तेल काढा, नवं टाका. न बदलणाऱ्यांची पुढारी माझी आई. तिला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाद घालायला ते कुठं लागतं? "चालून राहिली ना? मंग कायले हात लावता?" एवढं म्हणून ती पळीनं वरणाला फोडणी द्यायची आणि त्या चर्र आवाजात मामाचं पुढचं व्याख्यान बुडून जायचं. बाबा दोघांचं ऐकत जेवत राहायचे. दिघोरीतल्या त्या घरात मी लहानाची मोठी झाले. पुढं आयुष्यात बरंच काही पाहिलं, पण त्या तेलापायी जे पाहिलं त्याचा धक्का आता साठी उलटली तरी पुरता ओसरलेला नाही.

बाबा ढोरांचे डॉक्टर. आधी सरकारी दवाखान्यात होते, सायकलीवर गावोगाव हिंडायचे. त्यांना साखरेचा आजार होता आणि तो त्यांनी कधी मनावर घेतला नाही. बाभळीचा एक काटा डाव्या टाचेत मोडला, त्याची जखम झाली, जखमेचं काळं झालं, आणि एक दिवस आई त्यांना घेऊन नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेली. मला मावशीकडे ठेवलं होतं. ते परत आले म्हणून मी धावत घरी आले, तर बाबा ओसरीत बाजेवर निजलेले, अंगावर चादर, आणि डाव्या बाजूला गुडघ्याच्या जरा वरून खाली चादर अगदी सपाट. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी त्या सपाट जागेवर हात ठेवला, चाचपला, आणि किंचाळले. बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "नाही बेटा, तिथं नाही आता." पुढचं सबंध वर्ष ते त्याच बाजेवर बसून होते. नोकरी सोडली. शेतकरी यायचे, ओट्यावर टेकायचे, बैलाचं दुखणं सांगायचे. बाबा औषध सांगायचे. पण ढोराला हात लावल्याशिवाय औषध सांगणारा डॉक्टर म्हणजे नुसता बोलघेवडा, असं ते स्वतःच म्हणत. त्या वर्षी आमच्या घरात कोणी मोठ्यानं हसलेलं मला आठवत नाही.

मग ढवळी आली. मामाच्या खाणीवरचा एक परदेशी साहेब आपल्या देशी परत निघाला होता, त्याची लांबलचक अमेरिकन गाडी त्याला विकायची होती. मामानं मध्ये पडून ती बाबांसाठी घेतली आणि स्वतः चालवत आणली. दारात उभी राहिली तेव्हा आमचं अर्धं अंगण भरलं. रंग दुधाळ पांढरा, म्हणून गावानं दुसऱ्याच दिवशी तिचं नाव ढवळी ठेवलं, बैलाचं ठेवतात तसं. तिच्यात क्लच नव्हता. गिअर ती आपले आपण बदलायची. स्टिअरिंगच्या मागं एक दांडी होती. ती एका खाचेत ओढली की गाडी पुढं, दुसऱ्या खाचेत मागं, आणि मधल्या खाचेत ठेवली की इंजिन कितीही ओरडू दे, गाडी जागची हलत नसे. डाव्या पायाला कामच नव्हतं. बाबांनी ते ऐकलं, कुबड्या घेतल्या, जाऊन आत बसले, आणि उजव्या पायानं गाडी गावाबाहेर तळ्यापर्यंत नेऊन परत आणली. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहत असल्यासारखा पाहिला. आई पदरात तोंड घालून रडत होती आणि मामा तिला तेल दर किती मैलांनी बदलायचं ते समजावून सांगत होता.

साहेबाच्या देशात रस्त्याची बाजू उलटी, म्हणून ढवळीचं स्टिअरिंगही डावीकडं होतं. याचा बाबांना मोठाच फायदा झाला. रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, दार उघडायचं, पाय बाहेर सोडून सीटवर आडवं बसायचं, आणि शेतकऱ्यानं बैल थेट दारात आणून उभा करायचा. पवनीपासून लाखांदुरापर्यंत बाबांनी असे बैल तपासले. हातानं पोट दाबायचे, कान धरून ताप पाहायचे, आणि मग जनावराच्या तोंडाजवळ आपलं नाक न्यायचे. वास हे त्यांचं अर्धं निदान. कोणतं गवत खाल्लं, पोटात किती दिवसांचं आंबलंय, खुरातली जखम वरून भरली असली तरी आत काय चाललंय, हे त्यांना वासानं समजायचं. आई चिडवायची की तुमचं लग्नही तुम्ही मले हुंगूनच ठरवलं असन. बाबा म्हणायचे, "हो ना. लाखोळीच्या डाळीच्या वड्याचा वास येऊन राहिला होता तुझ्या घरी."

गाडीचं आणि माझं रोजचं एक काम होतं. सकाळी बाबा आत बसून इंजिन सुरू करत, दांडी मधल्या खाचेत ठेवून दोनदा जोरात गुरगुरवत, तेव्हा सगळ्या गल्लीच्या कोंबड्या उडायच्या. मग मी समोरचं झाकण उघडून गिअरच्या तेलाची पट्टी ओढून काढायची, आईच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या चिंधीवर पुसायची, पुन्हा बुडवून काढायची आणि चिंधीसकट बाबांच्या हातात द्यायची. ते आधी पाहायचे, मग हुंगायचे. साहेबानं गाडी दिली तेव्हा ते तेल लाल होतं म्हणे. मला आठवतं तेव्हापासून ते तपकिरी, आणि मी नववी-दहावीत गेले तोवर काळं. वास जळक्या पापडाचा.

हळूहळू ढवळी सकाळी आळस करू लागली. दांडी ओढली की लगेच निघायची ती आता जरा विचार करून निघायची. बाबा तिला नागपूरला एका म्हाताऱ्या उस्तादाकडे घेऊन गेले. अशा गाड्या त्या बाजूला त्यालाच तेवढ्या माहीत होत्या. मी आणि आईही सोबत होतो, बर्डीच्या बाजारात कापड घ्यायचं होतं म्हणून. उस्तादानं पट्टी काढली, बोटावर तेल घेतलं, चोळलं आणि मान हलवली. "डॉक्टरसाब, ये तेल तो कब का जल गया. मगर अब इसके अंदर जो कीट है ना, उसी की पकड़ पे गाड़ी चल रही है. नया डालोगे तो या तो मक्खन हो जाएगी, या वहीं की वहीं खड़ी हो जाएगी. मैं तो हाथ नहीं लगाऊँगा." परतीच्या वाटेवर भंडारा मागं पडल्यावर बाबा म्हणाले, "ठरलं. तेल बदलायचं नाही. ढवळी उभी राहिली तर मी पुन्हा बाजेवर." आई विजयानं माझ्याकडं पाहून हसली. मामाला हे कळलं तेव्हा तो इतका भडकला की आमच्याकडं जेवलाच नाही, आणि मामानं न जेवता जाणं ही आमच्या घरातली मोठीच घटना होती.

माझ्या मुलाची आता पुण्यात तशीच बिनक्लचची गाडी आहे. मागच्या महिन्यात सर्व्हिस सेंटरमधून एका पोराचा फोन आला, तो मी उचलला. मॅडम, गाडीचं रनिंग बरंच झालंय, गिअरचं ऑइल कधी बदललेलं दिसत नाही, बदलायचं का? फोन कानाला लावून मी तिथंच खुर्चीवर बसले. पलीकडून तो हॅलो हॅलो करत राहिला. सून म्हणाली, काय झालं आई, कोणाची वाईट बातमी आहे का? तिला काय सांगणार. त्याच दुपारी हे लिहायला घेतलं.

उस्तादाकडं जाऊन आलो त्या वर्षीच्या रोवण्याची, म्हणजे भातलावणीची गोष्ट. आम्ही तिघं पवनीहून परत येत होतो. बांध्यांमध्ये पाणी तुडुंब, बायका ओळीनं वाकून धान रोवत होत्या, गाणं चाललं होतं. बाबा चालवत होते, आई त्यांच्या शेजारी उजवीकडं, मी मागं चण्याच्या पुडीत गुंतलेली. डाव्या बाजूच्या बांधावरून एक म्हातारी बाई डोक्यावर रोपांची पेंढी घेऊन रस्त्यावर चढली. बाबांच्या अगदी बाजूला. त्यांनी हात बाहेर काढला असता तर हाताला लागली असती. गाडीचा वेग काही कमी होईना. आईनं जी किंकाळी फोडली ती मी पुन्हा कधी ऐकली नाही. बाबांनी ब्रेक मारला, पेंढी झाकणावर आपटली, हिरवी रोपं सगळ्या काचेवर पसरली, आणि म्हातारी रस्त्यावर बसली. तिला काही लागलं नव्हतं. ती उठून उलट आम्हालाच म्हणाली, "जाऊ द्या जी डॉक्टरसाहेब, माह्याच ध्यान नोतं." बाबांनी तिला हात जोडले. मग आईकडं न पाहता म्हणाले, "दिसली होती मले. ब्रेक उशिरा लागला." मी ते खरं मानलं. बाबांचं मी सगळंच खरं मानत असे. आई मात्र घरी येईपर्यंत काचेला चिकटलेल्या एका रोपाकडं पाहत होती, आणि त्या रात्री वरणात मीठ नव्हतं.

मग पोळा आला. आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. त्या दिवशी बैलाला जू लावायचं नाही; त्याला धुऊन, तूप-हळद घेऊन पळसाच्या पानानं वर्षभर घासलेला त्याचा खांदा चोळायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. बाबांजवळ बैल नव्हता, ढवळी होती. म्हणून पहिल्याच वर्षापासून त्यांनी हा नेम तिलाही लावला. खांदशेकणीला गाडी बाहेर काढायची नाही, पाणी-हवा बघायची, आणि आईनं तिला तूप-हळद लावायची. मोटारीचा खांदा नेमका कुठं, यावर पहिल्या वर्षी बराच खल झाला, शेवटी आईनं दोन दिव्यांच्या वरची जागा मुक्रर केली. गाव हसलं आणि मग त्यालाही ते सवयीचं झालं.

त्या खांदशेकणीला दुपारी बाबा कुबड्या घेऊन पाटलाच्या घरी पोळ्याच्या बैठकीला गेले. ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले न झाले तोच मामाची फटफटी अंगणात शिरली. मागं तेलाचा डबा बांधलेला. मला वाटलं आता आई त्याला झाडूनं हाकलणार. आई घरातून आली ती हातात घमेलं घेऊन. "लवकर कर," ती म्हणाली, "त्याहीची बैठक लांबत नाई." मामा दुपट्टा अंथरून गाडीखाली सरकला. मी बघतच राहिले. जी बाई वर्षानुवर्षं कायले हात लावता म्हणून भांडली तीच घमेलं सरकवून देत होती. काळं तेल त्यात पडायला लागलं आणि तो जळका वास सगळ्या अंगणभर झाला.

"आई, बाबांनी नाही म्हटलं होतं ना?" मी म्हणाले.

"हो."

"उस्ताद म्हणाला होता, उभी होऊन जाईल."

"ऐकलं होतं मी. होती ना तिथं."

"मंग?"

तिनं माझं मनगट धरलं आणि मला विहिरीपर्यंत ओढत नेलं. हळू आवाजात, पण एकेक शब्द चावून ती बोलली. "त्या बुढीच्या अंगावर गाडी जाऊन राहिली होती तवा तुह्या बापाले ते दिसली नोती. कालपरवा ताटातली चटणी भाजी म्हणून भातात कालवली त्याहीनं. माह्या साडीचा रंग इचारला तर दरवेळी पांढरी म्हणते. डोळे गेले त्याहीचे, कुसुम. साखर डोळ्यात चढली. अन् कोण सांगन त्याहीले? तू सांगतं? सांगून पाह्य, का तुमी आता गाडी चालवू नोका म्हणून. एक पाय तर डॉक्टरनं कापला. दुसरा म्या कसा कापू?" तिनं बादलीतलं पाणी तोंडावर मारलं. "गाडी आपल्या मरणानं मेली का कोणाचं नाव राहत नाई. तू तोंड बंद ठेव."

मी तिथंच विहिरीच्या काठावर बसले. माझ्या आईला कोणी चोरटी म्हटलं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं, आणि माझ्यादेखत ती बाबांचा पाय पळवत होती. आणि तरी मला तिचा राग येईना, कारण काचेवरची हिरवी रोपं मीही पाहिली होती. त्या वयात एका माणसाबद्दल एकाच वेळी दोन गोष्टी वाटू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. मी भेदरून गेले. मामा बिचारा यातलं काहीच जाणत नव्हता. त्याच्या लेखी ताईला उशिरा का होईना अक्कल आली होती. त्यानं नवं लाल तेल ओतलं, इंजिन सुरू केलं, दांडी ओढली, आणि ढवळी एक क्षणही न थांबता सुळकन पुढं सरकली. मागं घेतली, मागं आली. "ताई, पाह्य! मख्खन!" तो ओरडला. आईनं विचारलं, "चालली?" "चालली म्हणजे? पळून राहिली!" आईचा चेहरा असा पडला की मामालाही नवल वाटलं. तो काळ्या तेलाचा डबा बांधून आपल्या गावच्या पोळ्याला निघून गेला. त्या वर्षी आईनं ढवळीला तूप जरा जास्तच थापलं, वास झाकावा म्हणून. आणि संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना तिनं काय मागितलं असेल ते मला कळलं, म्हणून मी तिच्या शेजारी उभी राहिले नाही.

पोळ्याच्या दिवशी घर वड्यांच्या आणि पुरणाच्या वासानं भरून गेलं होतं. बाहेर जिकडंतिकडं घुंगरमाळा. दुपार कलल्यावर बाबा धुतलेला सदरा घालून, पँटचा रिकामा पाय वर टाचून गाडीत बसले. दरवर्षी बैलांच्या रांगेत शेवटी ढवळी उभी राहायची. ज्यानं सगळ्या गावाच्या बैलजोड्या वाचवल्या त्याचा तो मानच होता. इंजिन सुरू झालं, कोंबड्या उडाल्या, आणि बाबा म्हणाले, "कुसुम, तेल दाखव." मी पट्टी काढली. पांढऱ्या चिंधीवर तेल उमटलं ते लालभडक, कुंकू भिजवल्यासारखं. आता सगळं उघडं पडणार म्हणून मी दाराकडं पाहिलं. आई तिथं खांब धरून उभी होती. बाबांनी चिंधी घेतली. डोळ्यांजवळ नेली, उजेडात धरली, मग नाकाजवळ नेली आणि तशीच धरून राहिले. मग माझ्या हातात परत दिली.

"काळंच हाये," ते म्हणाले. "लाव जागेवर."

पांढऱ्यावरचं लाल! आई म्हणाली ते मी ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. समोर बसलेला माझा बाप मला पाहतोय की नाही हेच मला कळेना. मी पट्टी कशीबशी आत घातली. बाबा म्हणाले, "तू बस माझ्या बाजूले. उजव्या अंगाचं सांगत जा मले." हे त्यांनी आजवर कधी म्हटलं नव्हतं. मी बसले. बाबा गाडी बैलाच्या चालीनं नेत होते आणि मी सांगत होते, खांब, बकरी, पोरं, आता मोकळं. ढवळी कुरकुर न करता चालली होती.

तळ्याजवळच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. रंगवलेली शिंगं, बेगडं, झुली, ढोल. ढवळी रांगेच्या टोकाला उभी राहिली; मी आरतीचं ताट घेऊन उतरले आणि बायकांत जाऊन आईच्या शेजारी उभी राहिले. पूजा झाली, तोरण तुटलं, एकच आरोळी उठली आणि बैलांच्या जोड्या धूळ उडवत गावाकडं निघाल्या. मागून ढवळीचं इंजिन गरजलं. गाडी हलली नाही. पुन्हा गरजलं, इतकं की मागून निळा धूर निघाला. गाडी तिथंच. पोरं हसली. तिसऱ्यांदा इंजिन ओरडलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. सगळं मैदान तोंडं वळवून त्या पांढऱ्या गाडीकडं आणि आतल्या माणसाकडं पाहायला लागलं. बाबा समोर सरळ बघत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला वाटलं होतं, गाडी थांबली तर सुटल्यासारखं वाटेल. कसलं सुटणं! आईनं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती, आणि ती पुटपुटत होती, "असं नाई, असं नाई, चारचौघांत नाई."

बाबांनी इंजिन बंद केलं. सुकराम म्हणून एक शेतकरी होता, त्याचा बैल बाबांनी मरणाच्या दारातून आणला होता. तो धावत परत आला. "डॉक्टरसाहेब, माह्यी जोडी लावतो, वढून नेतो घरी."

"आज नाही, सुकराम," बाबा म्हणाले. "कालच त्याहीचे खांदे शेकले. आज बैलाच्या खांद्यावर काही ठेवत नाही."

"मंग आमचे खांदे कायसाठी हायेत जी?" सुकराम म्हणाला आणि त्यानं दुपट्टा कमरेला बांधला.

ज्यांची ज्यांची ढोरं बाबांनी हाताखालून घातली होती ती माणसं आपले बैल पोरांच्या स्वाधीन करून परत आली आणि ढवळीला मागून खांदे लावले. बाबा स्टिअरिंग धरून बसले. नुसती पावलं वाजत होती. आई पुढं धावत घरी गेली. बैल घरी आला की त्याचे पाय धुतात, कपाळाला कुंकू लावतात. आईनं ढवळीची चारी चाकं धुतली, झाकणाला कुंकू लावलं, पुरणाचा घास पुढं ठेवला, आणि पोळ्याला बैल घेऊन येणाऱ्या गड्याला देतात तो बोजारा म्हणून ढकलणाऱ्या सगळ्यांच्या हातावर पैसे ठेवले. तिच्या डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं. बाबा उतरले, कुबड्या काखेत घेतल्या आणि ढवळीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झाली तुझी सेवा."

मामा दोन दिवसांनी हातची सगळी हत्यारं घेऊन आला. बाबांनी किल्ली दिली नाही. "मेलेल्या जनावराला मी सुई लावत नाही, वामन," एवढंच बोलले. तेल कोणी बदललं हे त्यांनी विचारलं नाही. मामानं आपणहून कबूल केलं, पाया पडला, रडला. पुढं कित्येक वर्षं घरातल्या प्रत्येक लग्नात त्याला कोणी ना कोणी विचारायचंच, "काय मामा, तेल बदलू काय?" तो हसायचा, पण त्याचा चेहरा उतरायचा. आई त्या थट्टेच्या वेळी उठून आत जायची. ढवळी चिंचेखाली उभी राहिली. पण बाबा बाजेवर गेले नाहीत. ते रोज सकाळी त्याच सीटवर जाऊन बसायचे, दार उघडून, पाय बाहेर सोडून, आणि आता गावोगावचे बैल चालत त्यांच्या दारी यायचे. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

माझं लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तोवर बाबांचे डोळे पुरते गेले होते. एका सकाळी मी त्यांच्या शेजारी ढवळीत बसले होते. गाडीची पार माती झाली होती, टायर जमिनीत रुतलेले. बाबा एकदम म्हणाले, "कुसुम, त्या पोळ्याले तू मले तेल दाखवलं. कसं होतं?"

मी दचकले. इतक्या वर्षांनी खोटं बोलवेना. "लाल होतं, बाबा."

"मले लाल-काळं काही दिसलं नाही. वास मात्र नवा होता. समजलो, वामन येऊन गेला. मंग समजलो, त्याले घरात घेणारी कोण." ते थोडं हसले. "गाडी बंद नव्हती पडली, बेटा. दांडी मधल्या खाचेत होती."

मी दांडीकडं पाहिलं. मधली खाच. रोज सकाळी ज्या खाचेत ठेवून ते इंजिन गुरगुरवायचे ती. सगळं गाव समोर उभं होतं आणि त्या दांडीतलं कळणारा एकटा मामा आपल्या गावी बैलांना वडे चारत होता.

"म्हणजे तेल बदलल्यानं—"

"मख्खन झाली होती. वामन बरोबर सांगत होता."

"पण कायले, बाबा? कायले असं केलं?"

त्यांनी बोटांनी स्टिअरिंगची गोलाई चाचपली. "तुही माय माह्या पाठीमागं कधी सुईसुद्धा उचलत नाही. उस्तादाचं ऐकूनही तिनं हे केलं, गाडी उभी राहावी म्हणून. म्हणजे माह्या डोळ्याचं काय झालं ते तिनं पाह्यलं होतं, मी पाह्यलं नव्हतं. कोणी तोंडानं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. भांडलो असतो. त्या चिंधीचा वास आला अन् ऐकलं."

मी स्टिअरिंगवरचा त्यांचा हात धरला. "मग आईले सांगा ना. ती समजते, तिनं ढवळी मारली. मामा समजतो, त्यानं मारली."

"वामनले सांगजो, मी गेल्यावर. तुह्या मायले..." त्यांनी तोंड घराकडं वळवलं. "तिले सांगितलं तर ती म्हणन, सोता थांबता येत होतं तर ती बुढी गाडीपुढं यायच्या आधी काहून नाही थांबले? याचं उत्तर माह्याजवळ नाही, कुसुम. तवाही नव्हतं."

इतक्यात आई चहाचे कप घेऊन चिंचेखाली आली. "कायच्या गोष्टी चालल्या बापलेकीच्या सकाळी सकाळी?"

"तेलाच्या," बाबा म्हणाले. "आधीच बदलाले पाहिजे होतं, असं म्हणून राहिलो."

आई जागच्या जागी थबकली. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग मधल्याच खाचेत असलेल्या त्या दांडीकडं. कप त्यांच्या हातात दिला, त्यांची बोटं त्याच्याभोवती नीट बसवली आणि म्हणाली, "आता म्हणता?"